चाळीस का?

पंधरा, तीस, आणि मग चाळीस.
बावीस वर्षं मापाडी आहे मी वाशीच्या फळबाजारात,
मला हे खटकणारच.
पंधरानंतर तीस, तर तीसनंतर पंचेचाळीस हवेत.
मधले पाच कुणी खाल्ले?
ढेबे म्हणाला, तूट धरली असेल,
आपल्याकडे धरतात तशी.

पहाटे साडेचार. न्यूयॉर्कला रात्रीचा खेळ सुरू होतो
आणि आमच्याकडे सांगोल्याचं डाळिंब उतरतं.
फोन क्रेटला टेकवलेला, आवाज बंद.
गाळ्यावर व्यापारी रुमालाखाली बोटं दाबतायत,
भाव मुका,
पडद्यावर चेंडूही मुका,
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
आणि मी पावतीवर बेचाळीस किलो सातशेच्या जागी
सहा-चार, तीन-सहा लिहून बसतो.
शेठ ओरडतात. पावती फाडतो.
ब्रेक पॉइंट असतो हो.

घरी, कोपरखैरण्यात, बायको विचारते:
दोन माणसं, एक जाळी,
त्यात तुमचा जीव का टांगलेला?
काय सांगू.
आमच्यात ज्याचं वजन जास्त त्याचा पैसा जास्त, विषय संपला.
तिथे मात्र जास्त गुण मिळवूनही माणूस हरतो.
वहीच्या मागल्या पानावर मी स्वतः बेरीज केली आहे:
एकशे एकसष्ट विरुद्ध एकशे छप्पन्न,
आणि एकशे छप्पन्नवाला जाळीपाशी उभा, हात पुढे करून, जिंकलेला.
कुठला काटा हा?
त्या दिवशी दुपारी डोळ्याला डोळा लागला नाही.

चषकवाले मोठे लोक मला फारसे आवडत नाहीत.
मला ती आवडते, क्रमवारीत दोनशे चौदावी,
नाव घ्यायला गेलं की रेषाळ आंब्यासारखं दातांत अडकतं,
म्हणून मी नुसतं डावरी म्हणतो.
कडेच्या कोर्टावर खेळते, जिथे कॅमेरा एकच.
सर्व्हिसआधी चेंडू पाच वेळा आपटते.
सहाव्यांदा आपटला की समजावं, घाबरली.

तर जानेवारीत ती नेरूळला आली.
खरंच.
लहानशी स्पर्धा, तिकीट नाही,
पत्र्याच्या शेडखाली तेरा माणसं, त्यातले दोन वॉचमन.
मी मेहुणीच्या लग्नातला शर्ट घालून गेलो.
तिने चेंडू आपटला. पाच.
आणि मारला.

सहा वर्षं बघतोय, आवाज कधी ऐकलाच नव्हता.
कलिंगडावर टिचकी मारावी
आणि आतून उत्तर यावं, तसा.
डोळे मिटून घेतले मी.
पिकलेला. पिकलेला. पिकलेला. हा कच्चा,
आणि तो कच्चा जाळीत.
पंचाच्या आधी मला कळत होतं.

तिसऱ्या सेटमध्ये सहावा टप्पा ऐकू यायला लागला.
हरली.
पाठीवर रॅकेटींचं एवढं बोचकं घेऊन
रिक्षा शोधत फाटकाबाहेर गेली, वाकली नाही.
ओझं पाठीवर कुठे ठेवायचं ते तिला कळतं,
आमच्या नव्या पोरांना अजून कळत नाही.
हाक मारणार होतो.
पण नाव?

एक चेंडू कुंपणाबाहेर गटाराच्या कडेला आला होता.
बावीस वर्षांत बाजारातलं लिंबू उचललेलं नाही मी.
तो मात्र खिशात घातला.

दुसऱ्या पहाटे शंभर किलोच्या काट्यावर ठेवला.
लाल आकडे हललेच नाहीत. शून्य, शून्य, शून्य.
ढेबे म्हणाला, बिघडला वाटतं.
म्हटलं, त्यांच्यात शून्याला लव्ह म्हणतात.
हसला. म्हणाला, मग शेठ दर दिवाळीला
आपल्याला तेच देतो की.

संत्र्याची गाडी मागे मागे येऊन लागत होती,
कुणीतरी येऊ द्या, येऊ द्या करत होतं.
मी चेंडू लादीवर आपटला, एक, दोन,
पाचापर्यंत.
मग हातातच धरून ठेवला.